टक्याची घसरण आणि परतवाड्याचा संत्रा बाजार

चलनाचे बाह्य मूल्य घटले की निर्यात वाढते, आयात रोडावते आणि देशांतर्गत भावपातळी वर सरकते, हा सिद्धान्त पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असतो. सिद्धान्त चुकीचा नाही. परंतु त्याच्या नेहमीच्या मांडणीत घसरणारे चलन आपले असते आणि गिऱ्हाइकाचे चलन जणू खुंट्यास बांधल्यासारखे स्थिर असते. अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याच्या संत्रा व्यापारास २०२२ नंतर जो अनुभव आला, त्याचा उलगडा या मांडणीने होत नाही. त्या काळात रुपया डॉलरच्या तुलनेत उतरत होता. तरीही संत्र्याची निर्यात वाढण्याऐवजी आक्रसली.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी व वरुड या पट्ट्यातील संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश हेच राहिले आहे. माल ट्रकने बंगालमार्गे बेनापोलच्या सीमेवर जातो. २०२२ च्या आरंभी एका डॉलरचे सुमारे ७५ रुपये आणि सुमारे ८६ टके होत असत. म्हणजे रुपयास साधारण १.१५ टका पडे. २०२३ च्या अखेरीस डॉलर सुमारे ८३ रुपयांवर आणि ११० टक्यांवर गेला, रुपयास १.३२ टका पडू लागला. डॉलरच्या आरशात पाहिले तर रुपया दहा-अकरा टक्क्यांनी दुबळा झाला. ढाक्याच्या फळविक्रेत्याच्या दृष्टीने मात्र तो सुमारे पंधरा टक्क्यांनी महाग झाला. सौदा डॉलरात लिहिला जातो म्हणून ही गोष्ट सहसा नजरेस येत नाही. उदाहरणादाखल, सीमेवर किलोस चाळीस रुपये पडणारे संत्रे पूर्वी ४६ टक्यांना मिळाले असते, तर नंतर त्यासच ५३ टके मोजावे लागले असते. बागेत वा वाहतुकीत काहीही न बदलता झालेली ही भाववाढ आहे.

या सात टक्यांनी बाजार कोसळला असे मात्र म्हणता येत नाही. खरा आघात आयात शुल्काचा होता. २०१९ मध्ये किलोमागे २० टके असलेले शुल्क वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ टक्यांवर गेले. म्हणजे शुल्क फळाच्या मूळ किमतीहून अधिक झाले. येथे थोडे थांबावयास हवे. या वाढीचा आरंभ टका स्थिर असतानाच झाला होता, त्यामुळे तिचा सारा दोष चलनाच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु २०२१ च्या ऑगस्टात सुमारे ४८ अब्ज डॉलर असलेली बांगलादेशाची परकीय चलनाची गंगाजळी आटू लागल्यावर शुल्काचे प्रयोजन बदलले. मे २०२२ मध्ये तेथील शासनाने फळे, फुले, फर्निचर, सौंदर्यप्रसाधने अशा सुमारे १३५ वस्तूंवर जादा नियामक शुल्क बसविले. संत्रे सौंदर्यप्रसाधनांच्या पंक्तीस जाऊन बसले! दुबळ्या चलनाचा परिणाम केवळ विनिमय दरातून होत नसून त्या चलनाचा बचाव करणाऱ्या धोरणातूनही होतो, आणि पुष्कळदा हा दुसरा मार्गच अधिक जाचक असतो.

एक बारकावा विद्यार्थ्यांनी अवश्य तपासावा. हे शुल्क किलोमागे टक्यांत सांगितले जात असले तरी ते मूल्याच्या टक्केवारीत आकारले जाते. ते वजनावर, टक्यांत ठरविलेले असते तर टका घसरल्यावर त्याचे रुपयांतील ओझे काहीसे हलके झाले असते. जुन्या दराने ७६ रुपयांच्या आसपास जाणारे ८८ टके नव्या दराने ६७ रुपयांच्या आसपास आले असते. शुल्क मूल्याच्या टक्केवारीत असल्याने हा दिलासा मिळत नाही.

वाढलेली किंमत कोणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न अखेर लवचीकतेचा आहे. ढाक्याचा ग्राहक दुसरे फळ घेऊ शकतो. निर्यातदार सौदा टाळू शकतो. बागवान मात्र झाडावरचे फळ थांबवू शकत नाही. आंबिया बहाराची तोडणी हिवाळ्याच्या तोंडाशी येते, तेव्हा बगीचा झाडावरच विकणे किंवा फळगळ पाहत बसणे एवढेच पर्याय त्याच्यापुढे असतात. म्हणून सीमेपलीकडचा भार मागे मागे सरकत बगीच्यापर्यंत येतो. निर्यातीसाठी निवडलेला माल देशी बाजारातच उतरू लागला की जो बागवान कधी निर्यात करीत नव्हता त्याचाही भाव पडतो.

त्याच तालुक्यातील कापसाची गत निराळी. कापूस घरात साठविता येतो आणि त्याचा भाव जागतिक भावास डॉलरने गुणून येतो. तेव्हा रुपयाची घसरण त्यास पोषक ठरावी. परंतु मे २०२२ मध्ये पौंडास दीड डॉलरपर्यंत चढलेली रुई ऑक्टोबरात पाऊण डॉलरच्या आसपास आली, आणि त्याच महिन्यात रुपया डॉलरला ८३ पर्यंत उतरला. विनिमयाने दिलेले सहा-सात टक्के भावाच्या उतरणीत कोठल्याकोठे वाहून गेले.

खर्चाच्या बाजूस अशी अनिश्चितता नाही. पोटॅश परदेशातून येतो, डिझेलचे कच्चे तेल येते, खाद्यतेलाच्या देशातील गरजेचा निम्म्याहून अधिक भाग येतो. युरियाच्या गोणीचा भाव शासनाने बांधलेला असल्याने तेथील वाढ कोषागारावर पडते, इतकेच. फळे तोडणाऱ्या व निवडणाऱ्या मजुरांस तर निर्यातीच्या नफ्यातोट्याशी थेट संबंधच नाही; त्यांना रुपयाची घसरण तेलाच्या दुकानात भेटते. डॉ. आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात हेच बोट ठेवले होते: उतरत्या चलनामुळे निर्यातदारास जो लाभ होतो तो परकीयांकडून येत नाही, भावांच्या मागे रेंगाळणाऱ्या मजुरीतून येतो. परतवाड्याच्या उदाहरणात तर लाभच दिसत नाही. मजुरीची झीज मात्र तशीच राहते.

शुल्काचा परिणाम किती आणि विनिमयाचा किती, हे अंदाजाने न सांगता मोजता येईल. परतवाडा व वरुड येथील आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांचे ठोक भाव, त्या त्या आठवड्याचा रुपया-टका दर आणि शुल्कबदलाच्या तारखा शेजारी शेजारी मांडाव्या लागतील. ज्या हंगामात शुल्क स्थिर राहून केवळ टका घसरला, तो हंगाम या कामी सर्वांत उपयोगाचा आहे.