विश्लेषण : युरोपीय संघ सोडूनही ग्रीनलंड संघाशी जोडलेले कसे?

डेन्मार्क युरोपीय संघाचा सदस्य आहे. पण त्याचाच स्वायत्त प्रदेश असलेले ग्रीनलंड संघाबाहेर आहे. तरीही ग्रीनलंडची मासळी युरोपच्या बाजारात आयातशुल्काविना विकली जाते आणि संघाकडून निधीही मिळतो. ही व्यवस्था नेमकी काय आहे?

ग्रीनलंड बाहेर का पडले?

१९७३ मध्ये डेन्मार्कबरोबर ग्रीनलंडलाही तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायात जावे लागले. आदल्या वर्षीच्या सार्वमतात तेथील सुमारे ७० टक्के मतदारांचा कौल विरोधात होता. आपल्या समुद्रात कोणी किती मासे पकडायचे हे ब्रसेल्समध्ये ठरावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९७९ मध्ये स्वशासन मिळाले. १९८२ च्या सार्वमतात ५३ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्रीनलंड बाहेर पडले.

मग संबंध कसे टिकले?

‘सागरपार देश आणि प्रदेश’ या दर्जामुळे. सदस्य देशांच्या वसाहतींसाठी १९५७ च्या रोम करारात ही तरतूद झाली होती. आज असे १३ प्रदेश आहेत : फ्रान्सचे सहा, नेदरलँड्सचे सहा आणि ग्रीनलंड. संघाचे बहुतेक कायदे तेथे लागू नाहीत. त्यांचा माल मात्र संघात शुल्कमुक्त जातो. ग्रीनलंडच्या मासळीला ही सवलत देताना युरोपीय बोटींना तेथील समुद्रात, मोबदला देऊन, मासेमारीची मुभा मिळाली. ग्रीनलंडची बहुतांश निर्यात मासळी आणि कोळंबीचीच असल्याने हा सौदा मोलाचा ठरला.

दर्जा गेला तर काय होते?

याचे उत्तर फॉकलंड बेटांकडे आहे. ब्रेग्झिटमुळे ब्रिटनच्या १२ प्रदेशांनी हा दर्जा गमावला. फॉकलंडचे स्क्विड प्रामुख्याने स्पेनमार्गे युरोपात जाते. २०२१ पासून तेथील मासळीवर ६ ते १८ टक्के शुल्क लागू झाले.

युरोपला आता काय हवे आहे?

खनिजे. संघाने महत्त्वाच्या ठरवलेल्या ३४ कच्च्या मालांपैकी २५ ग्रीनलंडमध्ये आढळतात. दुर्मीळ खनिजांसाठी चीनवर असलेले अवलंबित्व युरोपला कमी करायचे आहे. त्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला, तर मार्च २०२४ मध्ये राजधानी नूक येथे संघाचे कार्यालय उघडले. २०२१-२७ साठी सागरपार प्रदेशांना ठेवलेल्या ५० कोटी युरोंपैकी २२.५ कोटी एकट्या ग्रीनलंडला आहेत. २०२८ पासूनच्या सात वर्षांसाठी ५३ कोटी युरोंचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला.

अडचण कुठे आहे?

ग्रीनलंडमध्ये दोन गावांना जोडणारे रस्ते जवळपास नाहीत, मनुष्यबळ अपुरे आहे. युरेनियम असलेल्या खाणींवर २०२१ च्या कायद्याने निर्बंध आहेत. त्यात अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी या बेटावर उघड दावा सांगितला आहे. सुमारे ५७ हजार लोकवस्तीच्या या प्रदेशाने एकदा मासळीवरचा हक्क राखण्यासाठी युरोप सोडला. आता खनिजांबाबतही अटी आपणच ठरवायच्या, हाच तेथील आग्रह आहे.