उतार न दाखवणारा नकाशा

आमच्या भोकरदनच्या नावाने एकदा एका इंग्रज सेनापतीची फसगत झाली होती. २१ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. दोघांनी दोन वाटांनी जायचे आणि २४ तारखेला दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेवर एकत्र हल्ला करायचा, असे ठरले. फौज कुठे आहे? हरकारे म्हणाले, भोकरदनला. वेलस्लीने गाव धरले. हरकाऱ्यांना मुलूख म्हणायचा होता. फौजेची उजवी बाजू भोकरदनकडे होती खरी, पण पायदळ असलेली डावी बाजू सहा ते आठ मैलांवर असईला होती. २३ तारखेला, स्टीव्हन्सन जवळ नसताना, वेलस्ली तिच्यासमोर येऊन ठेपला. हा खुलासा त्यानेच मन्रोला लिहिलेल्या पत्रात केला आहे. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. असईचा माणूस आजही परगावी 'मी भोकरदनचा' असेच सांगतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नकाशे वाचायला माझा मीच शिकलो. म्हणून दिवाळीला आलेल्या भाच्याने माझ्याकडे असईचा नकाशा मागितला. त्याला आणि त्याच्या मित्रांना टेबलाभोवती बसून खेळायचा 'भूमिका-खेळ' रचायचा होता. या खेळात प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात.

या खेळाची वंशावळ लष्करी आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ तयार केला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. सोंगट्यांच्या पटाऐवजी त्यात १:८००० प्रमाणाचे भूभागाचे नकाशे होते. मधला पंच प्रत्येक पक्षाला त्याच्या सैन्याला दिसेल तेवढेच सांगे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हा पंचाचे हे काम सूत्रधाराकडे आले. तळघराचा पूर्ण नकाशा त्याने चौकटीच्या कागदावर काढून लपवून ठेवायचा. खेळाडूंनी त्याच्या वर्णनावरून आपला नकाशा काढत पुढे जायचे. म्हणजे नकाशे दोन : एक जाणणाऱ्याचा, एक शोधणाऱ्याचा. खेळ घडतो तो या दोहोंमधल्या अंतरात. आपल्या मोक्षपटावर साप आणि शिड्या सर्वांना आधीच दिसतात. तिथे शोधायचे काही नसते, दान पडेल तसे जायचे असते.

हे मला आधी कळले नव्हते. मी हौसेने सगळे दाखवणारा नकाशा काढला : केळणा, जुई, असई, तोफांची रांग आणि ठळक बाणाने नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडण्याची जागा. मुले थेट उताराने पलीकडे गेली. दहा मिनिटांत खेळ आटोपला. कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

प्रत्यक्षात तो उतार वेलस्लीला कुणी दाखवला नव्हता. वाटाडे म्हणत होते, जवळपास उतार नाही. पण त्याला केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इंग्रजी नोंदींत ती पीपुलगाव आणि वरूर अशी येतात. एवढी जवळची गावे एकमेकांकडे जात-येत नसतील, हे त्याला पटेना. तर्क खरा ठरला, सैन्य पलीकडे उतरले. तेव्हा शिंद्यांचा सेनानी पोलमन याने दक्षिणेकडे तोंड असलेली आपली फळी काटकोनात पूर्वेकडे वळवली आणि तिचे डावे टोक असईला टेकवले. दोन नद्यांमधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून पंधराशेंहून अधिक झाले.

दुसऱ्या नकाशातून मी उतार खोडला आणि दोन गावे ठेवली. 'भोकरदन' हे नाव एका ठिपक्यावर न लिहिता मुलूखभर पसरून लिहिले. अंतरे मैलांऐवजी चालण्याच्या तासांत दिली, कारण खेळाडूला 'किती लांब' यापेक्षा 'अंधारापूर्वी पोहोचू का' हे कळायला हवे असते. तोफा फक्त माझ्या प्रतीत राहिल्या. उपयोगी नकाशाची माझी कसोटी आता एवढीच आहे : त्यावरच्या प्रत्येक खुणेने खेळाडूला काही ठरवायला किंवा विचारायला भाग पाडावे. जी खूण तसे करत नाही, ती शोभेची.

त्या रात्री खेळ अडीच तास चालला. भाच्याची मैत्रीण वाटाड्याची भूमिका करत होती. सूत्रधाराने तिला विचारले, "उतार आहे का?" तिच्या पात्राला तो माहीत होता. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "नाही."

मी चमकलो. इतकी वर्षे मी त्या वाटाड्यांना अडाणी समजत आलो होतो. ते खरेच अजाण होते, की त्यांनी आपल्या नदीची वाट परक्याला सांगितली नाही? कागदपत्रांत जिंकणाऱ्याचा तर्क नोंदला गेला. वाटाड्याच्या मनातले कुठे लिहिलेले नाही. माझ्या नकाशावर त्या दोन गावांमध्ये मी आता मुद्दाम कोरी जागा ठेवतो.