यंत्रकारागीर प्रशिक्षण

लेथ, चक्री कर्तन यंत्र, शाणन यंत्र इ. यांत्रिक हत्यारे चालवून धातूचे भाग आराखड्यात दिलेल्या मापांत अचूक घडविणारा कारागीर तयार करण्याच्या पद्धतशीर प्रक्रियेस यंत्रकारागीर प्रशिक्षण म्हणतात. जोडारी, कातारी, यंत्रकारागीर, शाणन कारागीर आणि साचे व हत्यारे घडविणारा कारागीर हे या क्षेत्रातील प्रमुख व्यवसाय होत. जोडारी मुख्यत्वे कानस, करवत, छिन्नी यांसारख्या हातहत्यारांनी भाग घडवितो व जुळवितो. कातारी लेथवर गोल भाग कातून काढतो. यंत्रकारागीर चक्री कर्तन यंत्रावर सपाट पृष्ठे, खाचा, दंतचक्रांचे दाते इ. कापतो. साचे घडविणाऱ्यास ही सर्वच कामे यावी लागतात, म्हणून त्याचे प्रशिक्षण विशेष कठीण समजले जाते.

या प्रशिक्षणाला दोन अंगे आहेत. आराखडा वाचणे, धातूंचे गुणधर्म, वेगाची गणिते हे ज्ञान वर्गात देता येते. हात बसणे ही मात्र सवयीची बाब असून ती यंत्रापाशी, मापाने तपासल्या जाणाऱ्या आणि प्रसंगी नाकारल्या जाणाऱ्या कामातूनच अंगी येते. तेव्हा शिकणाऱ्याने बिघडविलेले नग, त्याच्यासाठी अडून राहिलेले यंत्र व शिकविणाऱ्या कारागिराचा वेळ यांचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न प्रत्येक काळात उपस्थित झाला आहे. प्रशिक्षणाच्या निरनिराळ्या पद्धती ही या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत.

अचूकतेचे स्वरूप : कोणताही भाग तंतोतंत एकाच मापाचा घडविता येत नाही, म्हणून आराखड्यात मापाची वरची व खालची मर्यादा दिलेली असते. या दोन मर्यादांमधील अंतरास टॉलरन्स किंवा मुभा म्हणतात. उदा., २५ मिमी. व्यासाच्या भोकात सहज सरकणारा दांडा बसवावयाचा असल्यास प्रचलित मानकांच्या एका जोडीनुसार भोक २५·००० ते २५·०२१ मिमी. आणि दांडा २४·९८० ते २४·९९३ मिमी. असावा लागतो. म्हणजे दोहोंमधील मोकळीक कमीत कमी ०·००७ मिमी. व जास्तीत जास्त ०·०४१ मिमी. राहते. भोक एका कारखान्यात व दांडा दुसऱ्या कारखान्यात घडविला, तरी ते एकमेकांत बसले पाहिजेत. एकाच्या जागी दुसरा भाग बसविता येणे ही यंत्रोत्पादनातील सोय या मर्यादा पाळण्यावरच अवलंबून असते.

एवढ्या सूक्ष्म मापांत तपमानाचाही प्रभाव पडतो. मापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तपमान २०° से. आहे. १०० मिमी. लांबीचा पोलादी भाग १०° से. ने तापल्यास सु. ०·०११ मिमी. ने वाढतो. साध्या मायक्रोमीटरचे लघुतम माप ०·०१ मिमी. असल्याने ही वाढ मापनात उतरते. कर्तनाने तापलेला भाग लगेच मोजून तो बरोबर आहे असे मानणाऱ्या नवख्यास निवल्यावर तोच भाग लहान झालेला आढळतो. अशा गोष्टी पुस्तकात वाचून कळतात. परंतु घाई असताना हात आवरण्याची सवय मात्र सरावानेच लागते.

इतिहास : मध्ययुगीन यूरोपात कारागीर संघांच्या नियमांनुसार मुलगा करार करून उस्तादाच्या घरी राहत असे व काम शिकत असे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने अनेक व्यवसायांसाठी किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. उमेदवारीविषयीची ही कलमे १८१४ मध्ये रद्द झाली. आधुनिक यंत्रकारागिरीची परंपरा मुख्यत्वे हेन्री मॉडस्ली (१७७१–१८३१) यांच्या लंडनमधील कार्यशाळेतून विस्तारली. मॉडस्ली स्वतः लहानपणी वुलिच येथील शस्त्रागारात व नंतर जोसेफ ब्रामा यांच्या कार्यशाळेत काम शिकले होते. त्यांनी बाकावर ठेवून वापरावयाचे एक सूक्ष्ममापक तयार केले होते. त्याचा निर्णय अंतिम मानला जाई, म्हणून त्यास ‘लॉर्ड चान्सलर’ असे नाव पडले. जोसेफ व्हिटवर्थ, जेम्स नॅस्मिथ, रिचर्ड रॉबर्ट्‌स हे नामांकित यंत्रनिर्माते मॉडस्ली यांच्याकडे काम करून तयार झाले. व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचविले. सपाट पृष्ठ तयार करण्यासाठी तीन पट्ट आळीपाळीने एकमेकांवर घासून व खरवडून जुळविण्याची रीत त्यांनी प्रसारात आणली. दोन पट्टांपैकी एक फुगीर व दुसरा खोलगट असला, तरी ते एकमेकांशी जुळू शकतात. तिन्ही परस्परांशी जुळले, तरच ते सपाट असतात.

भारतात लोहार, तांबट, कासार यांची विद्या घराण्यात बापाकडून मुलाकडे जात असे. यंत्रावरील कामाचे शिक्षण मात्र प्रथम रेल्वेच्या कार्यशाळांतून (उदा., १८६२ मध्ये स्थापन झालेली जमालपूर येथील कार्यशाळा), दारूगोळ्याच्या कारखान्यांतून व कापड गिरण्यांतून मिळू लागले. उमेदवारीविषयीचा पहिला कायदा १८५० मध्ये झाला. अनाथ व गरीब मुलांना एखादा व्यवसाय शिकता यावा, हा त्याचा प्रमुख हेतू होता. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी ग्रामीण भागातील माणसे प्रत्यक्ष कामावरच यंत्रविद्या शिकली.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५६ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रशासन राज्यांकडे सोपविण्यात आले आणि त्याच वर्षी अभ्यासक्रम व परीक्षा यांत एकसूत्रता राखण्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमण्यात आली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या आस्थापनांना त्यांच्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे आवश्यक झाले.

अभ्यासक्रम : जोडारी, कातारी व यंत्रकारागीर या व्यवसायांचे संस्थेतील प्रशिक्षण दोन वर्षांचे असून त्यांच्या प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. जोडाऱ्याचा आरंभ शेगड्यात धरलेला लोखंडी ठोकळा कानसीने सपाट व काटकोनी करण्यापासून होतो. प्रथम अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची चूक चालते. पुढे ती मिलिमीटरच्या काही शतांशांवर आणली जाते. हे काम कंटाळवाणे वाटले, तरी त्याने हाताच्या दाबावर ताबा येतो व गुण्या प्रकाशासमोर धरून पृष्ठातील उंचसखलपणा ओळखण्याची नजर तयार होते. लेथवर हत्यारास धार लावणे, भाग मध्यावर धरणे, सरळ व निमुळते कातणे, भोक वाढविणे व आटे पाडणे हा क्रम असतो.

यासोबत वेगाचे गणित शिकविले जाते. उदा., मृदू पोलादासाठी द्रुतगती पोलादाच्या हत्याराचा कर्तनवेग मिनिटास ३० मी. धरला, तर ५० मिमी. व्यासाच्या, म्हणजे सु. १५७ मिमी. परिघाच्या दांड्यास मिनिटास सु. १९० फेरे द्यावे लागतात. वेग फार वाढविल्यास हत्याराची धार जाते, फार कमी ठेवल्यास वेळ वाया जातो. सैल कपडे न घालणे, चक फिरत असताना हात न लावणे, निघालेला कीस बोटांनी न ओढणे हे नियम पहिल्या दिवसापासून पाळावे लागतात. त्यांतील हयगय बोटावर किंवा डोळ्यावर बेतते.

कार्यशाळा व शाळा : केवळ कारखान्यात शिकणारा उमेदवार खऱ्या कामाशी लवकर परिचित होतो, परंतु मालकाला उत्पादन हवे असते. त्यामुळे एकदा एक काम जमले की त्यालाच वर्षानुवर्षे जुंपले जाण्याचा धोका असतो. केवळ संस्थेत शिकणारा सर्व यंत्रे हाताळतो. पण त्याने घडविलेला नग कोठेही बसवावयाचा नसल्याने मुभेबाहेर गेलेल्या मापाची किंमत त्यास पुरती उमगत नाही. जर्मनीतील द्विस्तरीय पद्धतीत ही दोन्ही अंगे जोडलेली आहेत. तेथे उमेदवाराचा करार कारखान्याशी होतो व वेतन कारखाना देतो. सार्वजनिक व्यवसाय-शाळेत त्याचे तात्त्विक शिक्षण होते आणि अंतिम परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेते. पश्चिम जर्मनीत १९६९ च्या कायद्याने या पद्धतीस एकसंध चौकट मिळाली. कर्तनयंत्रांवरील व्यवसायांसाठी तिची मुदत साडेतीन वर्षे आहे.

भारतात संस्थेतील प्रशिक्षणानंतर सामान्यतः एक वर्षाची उमेदवारी अशी साखळी आहे. अधिनियमानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यास विद्यावेतन मिळते, कारखान्यातील सुरक्षिततेच्या तरतुदी लागू होतात आणि उमेदवारी सल्लागाराच्या संमतीवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही. ‘कामगार नव्हे’ ही तरतूद शिकण्यास सवड मिळावी म्हणून उपयुक्त आहे. मात्र शिकविणेच घडले नाही, तर तीच त्याला स्वस्तातला मजूर बनविते. म्हणून उमेदवाराने कोणती कामे केली, त्यांची मापे कोणी तपासली व कोठे चूक झाली यांची नियमित नोंद ठेवणे अत्यावश्यक ठरते.

संगणक-नियंत्रित यंत्रे : अमेरिकेत मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ मध्ये अंकीय नियंत्रणाच्या चक्री कर्तन यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. पुढे संगणक-नियंत्रित यंत्रे सर्वत्र आली व प्रशिक्षणात आज्ञावली लिहिणे, हत्यारांची अंतरे नोंदविणे इ. विषयांची भर पडली. यामुळे हातकामाची गरज सरली असे काहींना वाटते. तथापि यंत्र दिलेली आज्ञाच पाळते. घट्ट आवळल्याने वाकलेला पातळ भाग, झिजलेली धार, कर्तनाचा बदललेला आवाज किंवा तापलेल्या भागाचे फसवे माप यांचा अर्थ कारागिरासच लावावा लागतो; आणि ही जाण साध्या यंत्रावर स्वतः कातल्याने अधिक पक्की होते. चुकीची आज्ञा क्षणात महागडे हत्यार व यंत्र या दोहोंची हानी करू शकत असल्याने कारागिराच्या निर्णयाचे मोल उलट वाढले आहे.

व्यवसाय प्रमाणपत्र हे शिक्षण पूर्ण झाल्याचा पुरावा असते. कारागिराची खरी परीक्षा त्याचा भाग दुसऱ्याने घडविलेल्या भागात बसतो की नाही यावर होते. ज्या प्रशिक्षणात शिकणाऱ्यास चुकण्यास वाव, चूक मोजण्याचे साधन आणि ती दाखवून देणारा अनुभवी माणूस या तिन्ही गोष्टी मिळतात, तेच या परीक्षेस उतरणारे कारागीर घडविते. [→ लेथ].