घर हीच शाळा (लेखांक सहावा) : गोटुलात भरणारा वर्ग

शहरांतले घरशिक्षण कसे चालते ते मागच्या लेखांकात पाहिले. सकाळी आईजवळ वाचन-गणित, संध्याकाळी तबला नाहीतर पोहणे, रविवारी संस्कारवर्ग आणि पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा. तिथल्या पालकांनी समोर असलेली शाळा नाकारून घर निवडलेले असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू होते. भामरागड, एटापल्लीच्या दुर्गम पाड्यांतले मूल सहा-सात वर्षांचे झाले की अनेकदा आश्रमशाळेच्या वसतिगृहात जाते. ज्या वयात शहरातली आई मुलाला स्कूलबसमध्ये बसवताना कासावीस होते, त्या वयात इथली आई त्याला महिनोन्‌महिने दूर ठेवते. वर्गात गुरुजी मराठी बोलतात आणि मुलाला येते माडिया किंवा गोंडी. या आश्रमशाळांमधून अनेक मुले शिकून पुढे गेली, हे खरेच आहे. पण इतक्या कोवळ्या वयात घर, भाषा आणि देव तिन्ही एकदम सोडायला लावणे ही किंमत फार मोठी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावने ही किंमत द्यायची नाही असे ठरवले. ग्रामसभेने ठराव केला आणि 2019 मध्ये गावातच वर्ग सुरू झाला. नाव ठेवले ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’. शिकवण्याचे माध्यम गोंडी. मराठी आणि इंग्रजीही शिकवायची, पण मुलाला आधीपासून येते त्या भाषेच्या आधाराने.

गोटुल म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. गोंड परंपरेत त्याचे श्रेय आद्यगुरू मानल्या जाणाऱ्या पहांदी पारी कुपार लिंगो यांना दिले जाते. गावाची बैठक तिथे बसते, पाहुणा तिथे उतरतो, रेला नाच तिथे शिकला जातो आणि तरुण मुले गावाचे नियम तिथेच आत्मसात करतात. वेरियर एल्विन यांनी 1947 मध्ये बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर बाहेरच्यांनी त्यातला तरुण-तरुणींच्या सहवासाचा भाग तेवढा चघळला आणि शिक्षणाचा भाग विसरून गेले. बस्तरचा घोटुल आणि इकडचा गोटुल सगळ्या बाबतीत सारखेही नाहीत. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाने गोटुल पुन्हा उभारले, तेव्हा ते वनखात्याने पाडले आणि गावाने ते परत बांधले. त्या गावात ग्रामसभेची जी ताकद पुढे साऱ्या देशाने पाहिली, तिच्यामागे हा झगडाही होता.

शहरात आपण ज्याला ‘संस्कारवर्ग’ आणि ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतो, त्यांचा इथे वेगळा तास लागत नाही. मारका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय आंब्याला हात लावायचा नाही, हे लेकराला चालायला लागल्यापासून ठाऊक असते. ही श्रद्धा आहे, आणि फळ पिकू द्यावे, बी पडू द्यावे हा वनस्पतिशास्त्राचा पहिला धडाही आहे. आपले कूळ चार देवे की पाच, सहा की सात, म्हणजे किती देव मानणारे, हे मूल लहानपणीच शिकते. त्या आकड्यावरून सोयरीक कुठे होते नि कुठे होत नाही ते कळते. कुळाचे झाड तोडायचे नाही, कुळाचा प्राणी मारायचा नाही, हेही त्याच्यासोबत येते. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला आईबरोबर पोरे जातात. मे महिन्यात तेंदूपाने येतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. सत्तर हजार पाने मोजणाऱ्या घरात वाढणारे मूल गणितात कच्चे असेल, असे गृहीत धरणाऱ्या शिक्षकाला मला एवढेच सांगायचे आहे : आधी त्याच्या आईबरोबर तेंदूपाने मोजून घेतात त्या फळीवर बसा, मग पाढे विचारा.

आता कायद्याकडे येऊ. 2022 मध्ये शिक्षण विभागाने मोहगावच्या गोटुलाला अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. शिक्षणहक्क कायदा 2009 चे कलम 18 मान्यतेशिवाय शाळा चालवू देत नाही. त्यात एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तरीही शाळा सुरू राहिली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. ग्रामसभेच्या बाजूनेही कायदा आहे. संविधानाचे कलम 29 भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क देते. कलम 350 अ अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करा म्हणून राज्याला सांगते. 1996 चा पेसा कायदा परंपरा आणि सांस्कृतिक ओळख सांभाळायला ग्रामसभेला सक्षम मानतो. खुद्द शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 29 मध्येही शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे लिहिले आहे.

याच कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि मदरसे, वैदिक पाठशाळा व मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. ही सूट योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. पण गोटुल त्यात बसत नाही, कारण तिथे पेन (म्हणजे देव), पाने, पाढे आणि पंचायत एकत्र शिकवले जातात. धर्म वेगळा काढून दाखवता आला असता तर वाट कदाचित सोपी झाली असती. ज्या समाजाने श्रद्धा आणि जगणे वेगळे केले नाही, त्याला कायद्यात रकानाच नाही. मला हा अन्याय वाटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणते की स्थानिक संस्कृती आणि भूगोलानुसार वेगळे नमुने चालावेत म्हणून शाळांच्या अटी सैल केल्या जातील. मग त्याची सुरुवात गडचिरोलीतून का होऊ नये?

एक गोष्ट मात्र ग्रामसभांनाही सांगितली पाहिजे. परंपरा अभ्यासक्रमात आली की तिच्यातले सगळेच मुलांपुढे आदर्श म्हणून येते. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायचे, ही रूढीही परंपराच आहे. ती मुलींना ‘आपली संस्कृती’ म्हणून शिकवली जाणार असेल तर माझा विरोध आहे. काय ठेवायचे, काय सोडायचे हे गावानेच ठरवावे, पण ते ठरवताना बायांचा आवाज पुरुषांइतकाच मोठा हवा.

राहिला चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावतीच्या वसाहतींतल्या पालकांचा प्रश्न. लहान मुलाला घरी शिकवले तर गुन्हा ठरतो का, असे काहीजण विचारतात. शिक्षणहक्क कायद्याचे कलम 10 मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानते, पण त्यासाठी पालकाला शिक्षा सांगत नाही. घरशिक्षणाचा त्यात उल्लेखच नाही. कलम 4 नुसार सहा वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात थेट प्रवेश मिळतो, म्हणजे परतीचा रस्ता उघडा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त बेसिक शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे तीन स्तर आहेत. गोटुलातल्या मुलांनाही या स्तरांचा उपयोग होऊ शकतो, ग्रामसभांनी त्याचा विचार करावा.

आणि तुम्ही मुलासाठी शनिवार-रविवारचे वर्ग शोधत असाल, तर त्यातला एक वर्ग कमी करा. येत्या मोहाच्या हंगामात ओळखीच्या एखाद्या गावाची परवानगी घ्या, पहाटे मुलाला तिथे घेऊन जा आणि तिथल्या पोरांकडून त्याला शिकू द्या.