जयपूर-आग्रा रस्त्यावरची अस्वलं

गेल्या महिन्यात भावाची मुलगी पुण्याहून जयपूरला माझ्याकडे आली होती. आमेरचा किल्ला हत्तीवर बसूनच बघायचा, असं ठरवून आलेली. पायथ्याशी रांगेत उभी असताना तिने विचारलं, "आत्या, बाबा सांगतात इकडे रस्त्यावर अस्वलं नाचवायचे. ती कुठे गेली?" मी तिला रांगेतून बाहेर काढलं. ती रुसली. उभ्या-उभ्या देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते आता देते.

कलंदर जमातीच्या लोकांनी अस्वलं नाचवणं फार जुनं. आमच्या साताऱ्याकडे त्यांना दरवेशी म्हणत. पोराची भीती जावी म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवत आणि अस्वलाचे केस ताइतात घालून गळ्यात बांधत. माझ्याही गळ्यात आजीने बांधला होता. १९७२ साली वन्यजीव कायदा आला. १९९८ साली केंद्राच्या अधिसूचनेने अस्वलांचे खेळच बंद केले. कागदावर.

रस्त्यावर काय चाललं होतं, ते मी बघत होते. यजमानांची बदली आग्र्याला झाली, मुलांच्या शाळेपायी मी जयपूरलाच राहिले. महिन्यातून दोनदा रोडवेजची बस. दौसा, महुवा, भरतपूर मागे पडलं आणि फत्तेपूर सिक्री जवळ आली, की रस्त्याच्या कडेला अस्वल दिसणारच. पर्यटकांची गाडी दिसली की माणूस दोरी वर खेचायचा आणि अस्वल मागच्या पायांवर उभं राहायचं. त्याला आपण नाच म्हणत होतो. पिल्लू आईपासून तोडून आणायचं, तापल्या सळईने नाकाचं हाड भोकसून त्यातून दोरी ओवायची, सुळे पाडायचे. ती जखम कधी भरत नसे. दोरीला ओढ लागली की कळ मस्तकात जायची, म्हणून ते उठायचं.

जयपुरातल्या एका प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकावर तेव्हा असं अस्वल छापलेलं होतं. मी तक्रार केली तर तिथले गृहस्थ म्हणाले, "बहनजी, ये तो परंपरा है." याच शहरातले काही प्राणिप्रेमी कलंदरांना तुरुंगात टाका म्हणत होते. कलंदराच्या घरी चूल कशावर पेटते, हे दोघांपैकी कोणीही विचारलं नाही. त्या दोघांवरचाही माझा राग अजून गेलेला नाही.

विचारलं ते 'वाइल्डलाइफ एसओएस'ने. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये ही संस्था काढली. १९९९ मध्ये आग्र्याजवळ कीठमच्या सूर सरोवर अभयारण्यात उत्तर प्रदेश वनखात्याच्या साथीने अस्वलांसाठी केंद्र उभं राहिलं. २४ डिसेंबर २००२ ला पहिली अस्वलीण आली, राणी. अस्वल सोपवणाऱ्या कलंदराकडून हा धंदा पुन्हा न करण्याचं लिहून घेत. त्या बदल्यात दुसऱ्या कामासाठी भांडवल, बायकांना शिवणकाम, पोरांना शाळा. सात वर्षांत सहाशेच्या वर अस्वलं सुटली. आग्रा, भोपाळ, बंगळुरूजवळचं बन्नेरघट्टा, पुरुलिया, अशी केंद्रं झाली. डिसेंबर २००९ मध्ये राजू हे अस्वल बन्नेरघट्ट्याला पोचलं आणि रस्त्यावरचं शेवटचं अस्वल सुटलं.

२००६ मध्ये परवानगी काढून मी कीठमला गेले होते. या अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. नाकपुड्या मिटून त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. म्हणजे ज्या तोंडावर त्याचं पोट, तेच आपण भोकसलं होतं. एका म्हाताऱ्या अस्वलाची दोरी काढून दोन वर्षं झाली होती. नाकावर केस न उगवलेला पांढरा पट्टा. लाकडाच्या ओंडक्यातल्या भोकांत मध भरून ठेवला होता, तो ते जिभेने काढत होतं. मध संपला आणि ते जागच्या जागी डुलायला लागलं. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय. समोर कोणी माणूस नव्हता, दोरी नव्हती. जंगलात का सोडत नाही, असं मी तिथल्या मुलाला विचारलं. "दात कहाँ हैं इनके?" तो म्हणाला. माझा हात गळ्याकडे गेला. ताईत केव्हाच हरवला होता.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून आमेरच्या रांगेत माझा जीव गुदमरतो. हत्तीही कायद्याने संरक्षितच. तरी त्याच्या पाठीवर हौदा चढवून फरसबंदी चढणीवरून फेऱ्या चालूच. २०१८ मध्ये प्राणी कल्याण मंडळाच्या तपासणीत इथल्या काही हत्तींना क्षयाची लागण आढळली, काहींची दृष्टी गेलेली होती. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने तर पाळीव हत्ती धार्मिक 'किंवा अन्य कोणत्याही' कारणासाठी दुसऱ्याकडे द्यायची वाट मोकळी केली. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माहुताच्या पोटाचं काय, हा प्रश्न खराच आहे. पण तोच प्रश्न कलंदराचाही होता, आणि तो सात वर्षांत सुटला.

भाचीला मी पायी वर नेलं. वाटेत दोनदा थांबून, पंधरा-वीस मिनिटं लागली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मागच्या रस्त्याने जीप जाते. तुम्ही आमेरला याल तेव्हा हत्तीच्या रांगेत उभे राहू नका.