चौऱ्याऐंशी खेड्यांचा नळ

अकोट-दर्यापूरकडे पाहुणे म्हणून गेलात आणि कपातला चहा फाटला, तर गवळ्याला नावं ठेवू नका. पाणी खारं असतं. पूर्णाकाठच्या माझ्या मावशीकडे ओसरीत दोन रांजण असायचे, एक गोड्या पाण्याचा, दुसरा खाऱ्याचा. खाऱ्यात अंघोळ, धुणं, भांडी. साबणाला फेस म्हणून यायचा नाही आणि उन्हात वाळलेल्या बादलीवर पांढरी खपली धरायची. गोडं फक्त प्यायला, चहाला आणि डाळ शिजवायला. गोड्याच्या रांजणात खाऱ्याचा गडू बुडवला म्हणून लहानपणी मी पाठीत धपाटा खाल्लेला आहे.

हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला, सुमारे नऊशे गावांचा. पूर्णा सातपुड्यातून निघते, पश्चिमेला वळते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात गाळाचे जाडच्या जाड थर साचले आहेत. पाण्याचा निचरा मंद, म्हणून क्षार तिथल्या तिथे राहतात. इतर मुलखात विहीर आटली की माणूस बोअर खोल नेतो. इथे खोल गेलं म्हणून गोडं पाणी लागेल असा भरवसा नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. या पट्ट्यातल्या कित्येक विहिरी ही दुसरी रेघही ओलांडतात. किडनीच्या आजारांची चर्चा तर इथे पारापारावर असते. पूर्वी बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीनं हंडा भरायच्या. 

गावातलं पाणी पिता येत नाही म्हटल्यावर बाहेरून आणणं आलं. त्यातून वऱ्हाडात प्रादेशिक योजना उभ्या राहिल्या, आणि त्यांची नावं लोकांनी आकड्यांवरूनच पाडली. वान धरणावरची '८४ खेडी' अकोट-तेल्हाऱ्याकडे. काटेपूर्णेच्या पाण्यावरची खांबोऱ्याची '६४ खेडी' अकोल्याच्या बाजूला. शहानूर धरणावरून अंजनगाव, दर्यापूर आणि दीडशेवर गावं. "तुमी चौऱ्याऐंशीतले का?" हा प्रश्न तिकडे जातगोत विचारल्यासारखा विचारतात. आकडे नंतर वाढले, गावं जोडली गेली, पण नाव तेच राहिलं.

८४ खेडीचा उगम बघायचा तर तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडला जावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदी अडवून हनुमान सागर केला आहे. डोंगर उत्तरेला, पूर्णा दक्षिणेला आणि मधली जमीन उतरती, त्यामुळे या बाजूच्या योजनांना निसर्गानं अर्धी मजुरी माफ केली आहे. एकदा पाणी उंचावर शुद्ध झालं की गुरुत्ववाहिनीतून ते आपल्या पायानं खाली चालत जातं. खांबोऱ्याचं नशीब तसं नाही. तिथे धरणाचं पाणी नदीच्या पात्रातून उन्नई बंधाऱ्यापर्यंत आणतात. वाटेत वाळू पिते, ऊन पितं आणि काठावरचे पंपही पितात. उरलेलं पाणी पुन्हा वीज जाळून वर चढवायचं.

शुद्धीकरण केंद्रातली पद्धत बहुतेक ठिकाणी हीच असते. कारंज्यात पाण्याला हवा दाखवायची, तुरटी मिसळायची, गढूळपणाचे पुंजके होऊन तळाला बसू द्यायचे, वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळायचं आणि शेवटी क्लोरीन. जुलैत पूर आला की तुरटीचा डोस वाढतो आणि वाळूचे थर उलट्या प्रवाहानं वारंवार धुवावे लागतात; जानेवारीत केंद्र जवळजवळ झोपलेलं असतं. इथपर्यंत फारसं काही बिघडत नाही. बिघाड सुरू होतो तो पुढच्या वाटेवर.

वाट जाते काळ्या मातीतून. ही कापसाची माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी ओढला जातो आणि दाबलाही जातो. जुन्या योजनांत घातलेले सिमेंटचे पाइप ताठ आणि ठिसूळ, ते सांध्यावर किंवा मधोमध तडकतात. साध्या लोखंडाला खारी माती खाते. म्हणून आता रबरी रिंगच्या सांध्याचे डीआय (तन्य लोखंडाचे) पाइप, लहान व्यासाला एचडीपीई (प्लॅस्टिकचे). थोडं वाकलं तरी सांधा सुटत नाही. नूतनीकरण म्हणतात त्यातला सर्वांत कामाचा भाग हाच, पण तो जमिनीखाली जातो. पाइपाच्या सांध्यापाशी उभं राहून कुणी फीत कापत नाही, नव्या टाकीपाशी कापतात. मला तर वऱ्हाडात टाक्या पाण्यापेक्षा जास्त वाटतात.

मावशीच्या गावचा पाणी सोडणारा माणूस सकाळी सायकलला लांब दांड्याची लोखंडी किल्ली अडकवून निघतो. वेशीपाशी फरशी सरकवली की खाली चेंबर. त्यात बेडूक, चिखल आणि व्हॉल्व्ह. किल्ली बसवून तो आटे मोजत फिरवतो, कारण व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पाण्यापुढे कोंडलेली हवा पाइप फोडते. मग फरशीला कान लावल्यासारखा वाकून ऐकतो. आधी फुस्स, मग घरघर, मग पाणी. गल्लीतून आवाज येतो, "आलं काय बाप्पा?" पाचव्या मिनिटाला वरच्या आळीत नळाला जोडलेले टिल्लू पंप सुरू होतात आणि खालच्या आळीतली धार करंगळीएवढी होते. नळ बंद असतो तेव्हा रिकाम्या पाइपात पोकळी तयार होते आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं. धरणावर गाळलेलं, क्लोरीन दिलेलं पाणी घराच्या उंबऱ्याशी येऊन बाटतं ते असं. म्हणून शेवटच्या नळाला क्लोरीन उरलंय का हे तपासायचं असतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोल्युडिनचे) थेंब टाकायचे. पिवळं झालं तर ठीक, पांढरंच राहिलं तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर काढायची. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावाची तपासणी होते आणि हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं आणि माणशी रोज ४० लिटरचा जुना हिशेब ५५ वर गेला. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज ८० हजार लिटर लागायचे, ते १ लाख १० हजार झाले. नळ घरोघरी आले हे खरं, आणि ते थोडं नाही. पण मुख्य वाहिनी जुनी, तिच्यावर तोट्या वाढलेल्या, म्हणजे शेपटाकडच्या गावाचा पाण्याचा वार आणखी लांबतो. योजनेची परीक्षा धरणाजवळच्या गावात घेऊ नये, शेवटच्या गावात घ्यावी, आणि सुधारणाही तिथूनच उलटी मागे यावी, असं माझं मत आहे. अभियंते हसतात, पण त्यांनाही ते पटतं असं वाटतं.

शेवटच्या नळालाही पुरेसं पाणी देणं अशक्य नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरला (आपलं बुलढाण्याचं मलकापूर नव्हे) महाराष्ट्र जीवन प्राधिकरणानं २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केलं. प्रत्येक घराला मीटर, जास्त वापराला चढा दर. पाइप सतत भरलेला, म्हणून घाण आत शिरत नाही. पाणी जाणार नाही याची खात्री, म्हणून कुणी साठवून ओतून देत नाही.  

खेड्यात मीटर म्हटलं की सभा उठते. पाणीपट्टी थकते, ग्रामपंचायत योजनेचे पैसे देत नाही, योजना विजेचं बिल भरत नाही, मग एक दिवस पंपाची वीज तुटते आणि टँकर येतो. लोक म्हणतात, आठवड्यानं येणाऱ्या पाण्याचे पैसे काय द्यायचे? योजना म्हणते, पैशाशिवाय रोज कसं द्यायचं? दोघंही खरं बोलतात. त्यात वानचं पाणी अकोल्याला आणि बाळापूरकडे न्यायचं ठरलं तेव्हा तेल्हारा-अकोटचे शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांच्या हरभऱ्याला तेच पाणी लागतं, आणि बाळापूरकडची माणसंही खारंच पितात.

मावशीच्या दारात आता निळा पाइप आहे, त्याला पितळी तोटी. फाटलेला चहा तिनं गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नाही. खाऱ्याचा रांजण मात्र ओसरीतून हललेला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सातव्या दिवशी लागते न बाबू."