दलाली लागू कधी होते?

घोडबंदर हे नावच व्यापारातले. इथल्या बंदरात अरबांशी घोड्यांचा व्यवहार चाले म्हणून ते पडले, असे सांगतात. ‘दलाल’ हा शब्दही मूळचा अरबीच! घोडे गेले, फ्लॅट आले. दलालीची भांडणे मात्र संपली नाहीत.

भांडणाचा साचा ठरलेला. एजंट फ्लॅट दाखवतो, टोकनची बोलणी होतात आणि मग मालक व ग्राहक परस्पर व्यवहार उरकतात. एजंट म्हणतो, “पार्टी मी आणली.” मालक म्हणतो, “तुम्ही फक्त कुलूप उघडलंत.”

दोन टक्के किंवा एका महिन्याचे भाडे हा नुसता प्रघात. महारेरा एजंटची नोंदणी पाहते, त्याची टक्केवारी ठरवत नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 219 म्हणते की, वेगळे काही ठरले नसेल, तर सोपवलेले काम पुरे झाल्यावरच मेहनताना देणे लागते. म्हणजे सगळे अडते ते ‘काम’ या शब्दावर. नुसते घर दाखवायचे होते, ग्राहक आणायचा होता, की खरेदीखत होईपर्यंत धावपळ करायची होती? कलकत्त्यातल्या एका मालमत्तेच्या दलालाने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि 1950 मध्ये तो जिंकला. ग्राहक आणण्याचे आपले काम त्याने पुरे केले होते. पुढे मालकाने काय केले, यावर त्याची दलाली अवलंबून नव्हती. हे सिद्ध झाले ते मालकाच्या पत्रामुळे. आपल्याकडे असे पत्र कोण घेतो? सगळा कारभार फोनवर.

असा वाद कोर्टात गेला आणि दिवाणी न्यायालयाच्या कनिष्ठ स्तराचा निकाल पटला नाही, तर घोडबंदरकराला अपिलासाठी ठाण्याचे जिल्हा न्यायालय गाठावे लागते. मुदत 30 दिवसांची. प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. नुसते अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. तडजोडीने झालेल्या हुकूमनाम्यावर तर अपीलच नाही. मूळ दाव्याची रक्कम 25,000 रुपयांपर्यंत असेल, तर दुसरे अपीलही नाही. भाड्याच्या खोलीच्या दलालीचे कितीतरी वाद त्यामुळे ठाण्यातच संपतात.

तेव्हा निकाल विरुद्ध गेला, तर वकिलावर चिडण्याआधी त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका.